पहिली सायकल आणि तिचे मोल : पिंपरी ते चाकण

पुणे–नाशिक रस्त्यावरील चाकण हे गाव इतिहासात ओळखले जाते ते फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवलेल्या संग्रामदुर्गामुळे, खेड तालुक्याच्या व्यवहारात कांद्याच्या बाजारामुळे आणि गेल्या पंचवीस वर्षांत मोटारी व मोटारसायकलींच्या कारखान्यांमुळे. सायकलीशी त्याचे नाव कोणी जोडत नाही. तरीही पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कामगाराने स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली मोठी वस्तू बहुधा सायकलच असे. आज रोड बाइक, म्हणजे अरुंद टायर, खाली वळलेले हँडल आणि हलकी फ्रेम असलेली, डांबरी रस्त्यावर लांब पल्ला गाठण्यासाठी घडवलेली सायकल घेऊ पाहणाऱ्याला पडणारा ‘पहिल्या सायकलीवर किती घालावेत’ हा प्रश्न येथे पिढ्यान्‌पिढ्या सोडवला गेला आहे, आणि प्रत्येक पिढीने सायकल ज्या वस्तूच्या शेजारी ठेवून तोलली, त्या वस्तूवरून तिचे उत्तर ठरत गेले.

मराठी मुलखातील सायकलीच्या व्यापाराचा सर्वांत बोलका आरंभ बेळगावात सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला असताना तेथून सायकली विकत घेऊन बेळगावला बंधू रामुअण्णांकडे पाठवीत आणि रामुअण्णा त्या सातशे ते हजार रुपयांना विकून, शिवाय चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शिकवणीची रक्कमच अनेक कारकुनांच्या महिन्याच्या पगाराशी बरोबरी करणारी होती, तेव्हा मूळ यंत्राबद्दल बोलायलाच नको. अशी वस्तू घेणारा साहेब किंवा वकील तिची तुलना घोड्याशी आणि टांग्याशी करू शकत होता, आणि दाणावैरण, मोतद्दार, तबेला हा सारा रोजचा खर्च वाचतो हे पाहता हजार रुपये त्याला अगदीच अवाजवी वाटत नसावेत.

सायकल सामान्य माणसाच्या हाती आली ती स्वातंत्र्यानंतर. मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६) आणि आसनसोलला सेन-रॅले अशी देशी कारखानदारी उभी राहिल्यावर आयातीवरचे अवलंबन सुटले, आणि पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच काळात. पालिकेचा कर भरल्याची खूण म्हणून सायकलीला बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसेल किंवा कोणी डबलसीट बसले असेल तर पोलीस अडवत. सरकारी नोकराला ‘सायकल अग्रिम’ मिळे, म्हणजे खरेदीसाठी आगाऊ दिलेली आणि पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेतली जाणारी रक्कम. सायकलीचे मोल महिन्याच्या पगारात मोजण्याची रीत अशी कागदोपत्रीही रुजली होती.

त्याच सुमारास पुण्याच्या उत्तरेला कारखान्यांची रांग वाढत होती. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषधकंपनी निघाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या माळरानांवर शेडमागून शेड उभी राहिली. पाळीची वेळ पाळायची तर बसच्या भरवशावर राहून भागत नसे, म्हणून आसपासच्या गावांतून येणाऱ्या फिटरने किंवा हेल्परने पहिल्या काही पगारांत करायची खरेदी म्हणजे काळी सायकल. स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात, स्कूटर जोडणारा कामगार स्वतः मात्र सायकल मारत कामावर येई.

या काळ्या सायकलीची निवड वाटते तितकी सोपी नव्हती. फ्रेम बावीस इंची घ्यायची की चोवीस, हे उंचीवरून ठरे. पण पुष्कळदा घरातील सर्वांत उंच माणसाच्या मापाची सायकल घेतली जाई आणि धाकटी मुले नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत तीच शिकत. कारखान्यातून सायकल सुट्या भागांत येई आणि दुकानदार ती ग्राहकासमोर जोडून देई, त्यामुळे पैशांची खरी घासाघीस अंगापेक्षा अंगावरच्या वस्तूंवर चाले: कॅरिअर जाड सळईचा हवा, कारण त्यावर डबा आणि परतताना किराणा असे, स्टँड दोन पायांचा हवा, चेनवर पूर्ण कव्हर हवे, म्हणजे पँटला काळे लागत नाही, डायनॅमो परवडला तर ठीक, नाहीतर साधा दिवा. ज्याला हेही झेपत नसे तो जुन्या बाजारातून फ्रेम आणून रिमा आणि फ्रीव्हील वेगळे बसवून घेई. कारागिराची पारख त्याच्या हातावर होत असे. चाक उलट्या सायकलीवर गरगर फिरवून, ब्रेकच्या रबराजवळ रिम कोठे घासते ते पाहत तारा आवळून-सैल करून तो ‘आउट’ काढी, आणि वर्षातून एकदा ‘ओव्हरऑइलिंग’ करताना बेअरिंगचे छर्रे रॉकेलच्या ताटलीत धुऊन निघत. खंडेनवमीला यंत्रांच्या आणि हत्यारांच्या बरोबरीने हळदकुंकू लागे ते या सायकलीलाही.

कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली आणि या व्यवहाराला पहिला धक्का बसला. पायडल असूनही इंजिनावर चालणाऱ्या या मोपेडने सायकलस्वाराला वरची पायरी दाखवली; स्कूटरी सहज मिळू लागल्या, मोटारसायकली आल्या, आणि सायकल शाळेत जाणाऱ्या मुलांची आणि नव्याने आलेल्या परप्रांतीय मजुरांची झाली. चाकणला तर सायकलीचे हे मधले पर्व फारसे लाभलेच नाही. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये तेथून पल्सर बाहेर पडली, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी ही गावे शेतीतून थेट मोटारसायकलीवर आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसली.

याच कारखान्यांतील अभियंते आणि पर्यवेक्षक रोड बाइकचे गिऱ्हाईक ठरले. पदवी घेऊन येणाऱ्या या वर्गाला कामावर जायला सायकल नको होती. त्याला रविवारची पहाट हवी होती. अशातच २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू अमेरिका आरपार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण करून आले. ‘ब्रेव्हे’, म्हणजे शर्यत न लावता ठरलेल्या वेळेत ठरलेले अंतर कापण्याची परीक्षा, ज्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, हा शब्दही तोवर परिचयाचा झाला होता. साध्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या रोड बाइकला आज साधारण पंचवीस ते पस्तीस हजार पडतात. गिअर, ब्रेक आणि चेन यांच्या एकत्रित संचाची, ज्याला ‘ग्रुपसेट’ म्हणतात, शिमानोच्या क्लॅरिसपासून सोरा, टियाग्रा आणि १०५ पर्यंत एकेक पायरी चढत गेले की किंमत लाखाच्या पुढे निघते. त्या रकमेत चाकणलाच घडलेली पल्सर दारात उभी राहू शकते, आणि घरातली वडीलधारी मंडळी नेमके हेच ऐकवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आणि लहान मोटारसायकलींवरील २८ वरून १८ वर आल्याने दोघींमधले अंतर फारसे बदलले नाही.

या तुलनेत खरेदीदार चुकतो तो बहुधा एकाच ठिकाणी: तो ग्रुपसेटची पायरी पाहतो, मापाची पायरी पाहत नाही. फ्रेम दोन सेंटिमीटरने चुकली तर १०५ चा संचही पाठीचे दुखणे थांबवू शकत नाही. चाकणच्या तळेगाव चौकातून किंवा शिक्रापूरकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेच्या कडेने जायचे, तर २३ मिलिमीटरच्या टायरचा मोह टाळून २८ किंवा ३२ चा टायर मावणारी फ्रेम घेणे, आणि हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन जास्तीच्या ट्यूब यांचे चार-पाच हजार आधीच बाजूला काढून ठेवणे हे शहाणपणाचे ठरते. आळंदीकडे किंवा भामचंद्राच्या डोंगराकडे पहाटे निघणाऱ्यांच्या सायकलींवर असे टायर आता दिसतात.

जुन्या काळ्या सायकलीचे टायर आणि रोड बाइकचे टायर बोलीभाषेत दोन्ही ‘अठ्ठावीसचेच’. पण पहिल्याची रिम ६३५ मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ६२२ ची असते. म्हणूनच गावातल्या पंक्चरवाल्याकडे रोड बाइक उलटी केली जाते तेव्हा खुंटीवर टांगलेल्या टायरांतला एकही तिला बसत नाही.