बाशीमच्या रानाचे दफ्तर

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आला आणि पुढे बाशीम, म्हणजे आजचे वाशीम, हे जिल्ह्याचे ठाणे झाले, त्या काळात वऱ्हाडच्या जंगलखात्याने रानांची प्रतवारी केली ती इमारती लाकूड व जळण, गवताचे रमणे आणि गुरांची चराई अशा तीन वर्गांत. रानाच्या प्रकृतीला या प्रतवारीत स्थान नव्हते. १९०५ साली तो जिल्हा मोडला, बाशीम व मंगरूळ अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेले, तरी दृष्टी तीच राहिली.

कीटकाची नोंद झाली ती अपराधी म्हणून. १९१४ मध्ये वनकीटकशास्त्रज्ञ स्टेबिंग यांनी उपद्रवी भुंगेऱ्यांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. पण पुढे डेहराडूनचे वनकीटकशास्त्रज्ञ बीसन यांनी, सागाच्या पानातील हिरवा गर खाऊन शिरांची नुसती जाळी मागे ठेवणाऱ्या अळीचा अभ्यास करता करता, सागाभोवती मिश्र झाडोरा राखावा म्हणजे त्या अळीवर जगणाऱ्या परोपजीवी कीटकांना आश्रय मिळेल, असे प्रतिपादन केले. माझ्या मते कीटकाला साक्षीदार मानण्याचे बीज येथेच आहे, कारण जाळी झालेले पान हे अळीच्या हावरेपणाइतकेच रानातून नाहीशा झालेल्या झाडोऱ्याचेही लक्षण ठरते.

१९३१ साली नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे ई. ए. डि'अब्रू यांनी मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली, आणि अशा यादीचे मोल केवळ संख्येत नसते. रुईवर वाढणारे फुलपाखरू पडीक माळावरही सुखाने नांदते. टेंभुर्णीच्या पानावर जिची अळी पोसते ती तांबूस पाकोळी मात्र टेंभुर्णी टिकली तरच दिसते. म्हणून पहिले वाढून दुसरी विरळ होऊ लागली, तर एकूण फुलपाखरे तितकीच भरूनही रान खालावलेले असते. शेणाची गोळी लोटत नेऊन मातीत पुरणारे भुंगेरे चराईबद्दल अशीच ग्वाही देतात.

१९९८ साली वाशीम पुन्हा जिल्हा झाला आणि कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्यही त्याच्याच हद्दीत आहे. येथील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी त्या अभयारण्याच्या माळावरील फुलपाखरांची व शेणातील भुंगेऱ्यांची महिनेवार नोंद आजपासूनच ठेवावी, आणि वनखात्याने ती आपल्या दफ्तरी दाखल करून घ्यावी.