अंगठा, किल्ली आणि १८९७

पेण किंवा रोह्यातल्या एखाद्या नव्या इमारतीचा जिना चढून बघा. दोन-तीन दारांवर तरी कडी-कोयंड्याच्या जागी काळी चकचकीत पट्टी दिसेल. तिच्यावर अंगठा टेकवला की बारीकसा आवाज होतो आणि दार उघडतं. कुलूप आहे, पण खिशात किल्ली नाही. वस्तू अगदी आत्ताची वाटते. पण तिच्या पोटात दोन जुन्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि दोन्हींचा जन्म १८९७ चा. एक मुंबईतली, दुसरी कलकत्त्यातली.

त्याही आधी कोकणातलं जुनं दार बघू. त्याची खरी ताकद बाहेर नसायची, आत असायची. रात्री दिवा मालवण्याआधी घरातलं कोणीतरी उठून अडसर सरकवायचं. जाड लाकडी दांडा, त्याच्यासाठी भिंतीत ठेवलेली खोबण, बस्स. अडसराला किल्ली लागत नाही, मात्र एक गोष्ट लागते: घरात माणूस. ओटीवर म्हातारी बसलेली असेल तर दिवसभर दार सताड उघडं राहिलं तरी चालतं.

घर रिकामं राहायला लागलं तेव्हा बाहेरच्या कुलपाची खरी गरज पडली. आपल्या भाषेत त्याच्या खुणा आहेत. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून फारसीमार्गे आला. ‘चावी’ पोर्तुगीज. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंडा-चौलला पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत ठाण मांडून होते. दाराची ‘कडी’ आणि ‘अडसर’ आपले, पण दार बाहेरून बंद करायचं यंत्र आणि ते उघडायचं साधन यांची नावं जहाजांतून आणि दरबारांतून आलेली. ‘किल्ली’ तेवढी घरची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातली माणसं तिकडे निघाली. पेणकरांसाठी धरमतरचं बंदर जवळ होतं. गावातलं घर वर्षातले बरेच महिने बंद राहू लागलं. चाकरमान्याच्या घराची किल्ली मग शेजारच्या काकूंकडे. गणपतीच्या आधी दार उघडून जाळ्या काढायच्या, पावसाळ्यात कौलं बघायची, हे सगळं त्या किल्लीबरोबर तिच्याकडे जायचं. कुलूप लोखंडाचं होतं, पण घर राखत होती शेजारीण.

आता १८९७ ची मुंबई. आदल्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण सापडला होता. लाखो लोक शहर सोडून पळाले, घरं ओस पडली. फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला आणि अधिकाऱ्यांना घरांत शिरून तपासणी करायचे अधिकार मिळाले. पुण्यात गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. आतून घातलेला अडसर त्यांना अडवू शकत नव्हता. त्या संतापातून २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. दारातून आत कोण येऊ शकतो, हा प्रश्न त्या वर्षी प्रत्येक उंबऱ्यावर उभा होता.

त्याच वर्षी आर्देशीर गोदरेज यांनी लालबागला एका छोट्या शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. ते मूळचे वकील. वकिली सोडली, शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायचा प्रयत्न केला, तो फसला. शहरात घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून कुलपांची कल्पना सुचली, असं सांगतात. पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, तिजोऱ्याही आल्या.

त्या काळच्या चांगल्या कुलपाचं तत्त्व सोपं होतं. आत पातळ पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली गेली तरच खिटी सरकते. किल्लीचे दाते म्हणजे त्या उंचींची यादी. कुलपावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असं कोरलेलं असतं ते यासाठी. म्हणजे किल्ली तेव्हाही एक पासवर्डच होती, फक्त पितळेत कापलेला.

आणि पासवर्ड फुटतो. १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने तिथलं अभेद्य समजलं जाणारं चब कंपनीचं कुलूप उघडून दाखवलं. मग ब्रामा कंपनीचं उघडलं. ते कित्येक वर्षं दुकानाच्या खिडकीत, उघडणाऱ्याला २०० गिनींचं आव्हान देत बसलं होतं. त्याला हॉब्जला सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. कुलूप विकत घेताना आपण अभेद्यता विकत घेत नाही. चोराचा वेळ किती खर्च होईल, तेवढं विकत घेतो.

आता कलकत्ता. तिथली गोष्ट मात्र चोरापासून सुरू होत नाही, रयतेवरच्या अविश्वासापासून होते. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार केला. राज्यधर कोनाई नावाचा कंत्राटदार नंतर सही नाकारेल, या शंकेने त्याने कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे हर्शेलने दस्तनोंदणी, पेन्शन आणि तुरुंग यांसाठी बोटांचे ठसे वापरले. लाखो ठशांतून एक शोधायचा कसा, हा प्रश्न काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी सोडवला. पद्धतीला नाव मिळालं त्यांचा साहेब एडवर्ड हेन्री याचं. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं.

आपल्याकडे अंगठा सावकाराच्या कागदावर उठत होताच. लिहिता न येणाऱ्याला ‘अंगठाछाप’ म्हणायचे, आणि ती शिवी होती. कागदात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नसायचं, पण अंगठा उठला की जमीन जायची. तोच अंगठा आज ‘स्मार्ट’ घराची खूण झाला आहे. ज्या रेषा सरकारने संशयिताला ओळखण्यासाठी मोजल्या, त्याच आता मालकाला ओळखतात. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणांचा हिशोब तुमच्या दारावरचं कुलूप करतं आणि साठवतं.

पण हा हिशोब सगळ्या बोटांना सारखा लागू पडत नाही. पेणच्या आसपास, हमरापूर-जोहे भागात, गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. वर्षानुवर्षं माती, प्लास्टर आणि पॉलिशपेपर हाताळणाऱ्या बोटांच्या रेषा झिजतात. भात लावणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांचंही तेच. रेशन दुकानातल्या मशीनवर पाच वेळा अंगठा दाबून ‘जुळत नाही’ ऐकलेली माणसं आपल्या ओळखीची आहेत. ज्या हातांनी घर उभं केलं, ते हात दाराला ओळखू येऊ नयेत, ही या यंत्रातली खरी अडचण. म्हणून आजीचं एकच बोट नोंदवून थांबू नका. दोन्ही हातांची तीन-चार बोटं नोंदवा, पावसाळ्यात पुन्हा नोंदवा, आणि तिला एक कार्ड द्या.

कोकणाच्या आणखी दोन अटी. जूनमध्ये लाकडी दार फुगतं. किल्ली असताना आपण गुडघ्याने दार रेटून ती फिरवायचो. मोटरला गुडघा नसतो, खिटी पट्टीत अडकते आणि सेल लवकर संपतात. त्यामुळे बसवण्याआधी सुताराकडून दार आणि चौकट सरळ करून घ्या. जुन्या घराचं दोन झडपांचं दार असेल तर एक झडप वर-खाली खिटीने पक्की करावी लागेल, कारण ही कुलपं एका झडपेचा विचार करून बनलेली असतात. दार थेट पावसात असेल तर बाहेरच्या भागाला पाणी चालतं का, हे आधी विचारा.

चाकरमान्याच्या घराला या कुलपाचा फायदा नक्की आहे. मुंबईत बसून शेजाऱ्यांना एका दिवसापुरता आकडा पाठवता येतो आणि दुसऱ्या दिवशी तो बाद होतो. मात्र काकूंकडची किल्ली वर्षभर असायची. ती बाद होत नव्हती, म्हणून त्या न सांगता कौलं बघायच्या. एका दिवसाचा आकडा मिळालेला माणूस सांगितलेलं एक काम करून परत जातो.

बहुतेक डिजिटल कुलपांच्या खोक्यात आजही दोन साध्या किल्ल्या निघतात. सेल संपले, सेन्सर बिघडला, तर पट्टीच्या कडेला लपवलेल्या भोकात घालायला. अनेकजण त्या घरातल्याच कपाटात ठेवतात, म्हणजे नेमकी गरज पडेल तेव्हा त्या कुलपाच्या पलीकडे असतात. त्यातली एक किल्ली शेजारी द्या. देण्यासारखं कोणी शेजारी नसेल, तर कुलूप बसवण्याआधी तेवढी ओळख करून घ्या.