मिठावरचा कर आणि मागणीचा वक्र

बी.ए.च्या वर्गात सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर सुरू झाला की थोड्याच दिवसांत मागणीच्या लवचिकतेचा धडा येतो, आणि त्यात अलवचीक मागणीचे उदाहरण म्हणून हटकून मीठ येते. भाव वाढो की उतरो, माणूस मीठ खायचे तेवढेच खाणार, एवढे लिहून विद्यार्थी पुढे जातो. पुढे पूर्ण स्पर्धा, समवृत्ती वक्र, सीमांत खर्च अशी प्रकरणे एकामागून एक येतात आणि वर्गात एक तक्रार मूळ धरते, की हे शास्त्र बाहेरून आले आहे, त्याची गृहीतके इथल्या माणसाला लागू पडत नाहीत. ही तक्रार निदान सव्वाशे वर्षे जुनी आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून शिकलेल्या आणि तिथे शिकवणाऱ्या माणसांनी तिला जे उत्तर दिले, ते आजच्या दोन्ही सोप्या उत्तरांपेक्षा सरस होते. त्यांनी सिद्धान्त फेकून दिला नाही आणि तो पाठही करून सोडला नाही. तो कोणत्या अटींवर उभा आहे हे पाहिले आणि त्या अटी इथल्या बाजारात, इथल्या शेतात तपासल्या. सूक्ष्म अर्थशास्त्र शिकण्याची खरी रीत हीच आहे, आणि पदवीच्या अभ्यासक्रमातून ती हरवली, हे मोठे नुकसान आहे.

हे शास्त्र मराठीत विद्यापीठाच्याही आधी आले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, आणि इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मिलच्या आधारे लिहिलेली कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्र परिभाषा’ १८५५ ची. पुढे कॉलेजांतून मिल वाचून एक पिढी तयार झाली. त्याच पिढीतल्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात या शास्त्राची गृहीतके एकेक करून मांडली : माणूस स्वतःचा फायदा ओळखतो व त्याच्याच मागे असतो, करार मोकळेपणाने होतात, भांडवल आणि मजूर जिथे मोबदला जास्त तिथे जातात. ही गृहीतके कोणत्याच समाजाला तंतोतंत लागू पडत नाहीत आणि हिंदुस्थानात तर जात, कुटुंब आणि रूढी यांच्यामुळे बहुतेक वेळा उलटीच स्थिती असते, असे त्यांचे म्हणणे होते. रानड्यांच्या या व्याख्यानाचा उल्लेख आज राष्ट्रवादाच्या इतिहासात होतो. माझ्या मते त्याची खरी जागा सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात आहे, कारण गृहीतक म्हणजे काय आणि ते मोडले तर निष्कर्षाचे काय होते, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी विचारला आहे.

आता मिठाकडे वळू. १८८८ साली सरकारने मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. फर्ग्युसन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलू लागले आणि मिठावरचा कर उतरवा ही मागणी त्यांनी लावून धरली. त्यांच्या मांडणीचा आधार दयेचा नव्हता, आकड्यांचा होता. कर वाढला तेव्हा खपाची वाढ खुंटली, म्हणजे गरीब माणूस गरजेपेक्षा कमी मीठ खातो आहे, असे त्यांनी दाखवले. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एकावर, आणि प्रत्येक कपातीनंतर खप वाढला. मग पाठ्यपुस्तक खोटे का? इथेच अभ्यास सुरू होतो. अडीचाचा एक रुपया झाल्यावर सरकारचे उत्पन्न टिकायला खप अडीचपट व्हायला हवा होता. तो तेवढा वाढला नाही. म्हणजे मागणी अलवचीकच होती, पण लवचिकता शून्य नव्हती. आणि इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात मिठाची मागणी अलवचीक म्हटली ती एका अटीवर : मिठाचा भाव मजुरालाही जाणवू नये इतका कमी असला पाहिजे. इंग्लंडात ती अट पुरी होत होती. इथे कराने ती मोडली होती. गोखल्यांच्या आकड्यांनी मार्शल खोटा ठरत नाही, त्याने घातलेली अट किती मोलाची होती हे कळते. आपली पुस्तके उदाहरण ठेवतात आणि अट गाळतात.

यावर कोणी म्हणेल की ही करनीतीची भांडणे झाली, सीमांत विश्लेषण वगैरे यंत्रसामग्री त्या काळच्या इथल्या लेखनात कुठे होती? ती होती, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा १९१८ चा आहे. त्या वर्षी डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तुकडेबंदीचा विषय तेव्हा गाजत होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान यांनी नुकतीच पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली होती : सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि १५६ खातेदारांच्या जमिनी ७२९ तुकड्यांत विखुरल्या होत्या. असे आकडे समोर असताना तुकडे जोडा, धारणा मोठ्या करा, हा उपाय कोणालाही सुचेल. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचे प्रमुख कीटिंग आणि अलाहाबादचे प्राध्यापक जेव्हन्स यांनी कुटुंब बऱ्यापैकी पोसेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणा, अशी कसोटी लावली होती. आंबेडकरांनी तिच्यावरच बोट ठेवले. कुटुंबाला किती लागते हा उपभोगाचा प्रश्न आहे आणि शेत हा उत्पादनाचा व्यवहार आहे. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परांशी प्रमाण जुळले तर धारणा किफायतशीर, मग ती दोन एकर असो की वीस. इथे बैल, अवजारे, भांडवल इतके तुटपुंजे आहे की त्या मानाने आहे ती जमीनही मोठी ठरते, आणि शेतीवर बसलेली माणसे मात्र जास्त आहेत. तेव्हा रोग जमिनीच्या आकारात नाही. जादा श्रम शेतीबाहेर नेणारे उद्योग हवेत. हे जेव्हन्स म्हणजे सीमांत उपयोगितेच्या सिद्धान्ताचा एक जनक विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स याचे चिरंजीव. त्यांच्या कसोटीतली तार्किक चूक मुंबईतल्या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने उत्पादन घटकांच्या प्रमाणाचा नियम कसोशीने लावून दाखवली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो अनुभवी शिक्षकांकडून येतो. आधी हत्यार हातात बसू द्या, वाद नंतर. अठरा वर्षांच्या मुलाला वक्र काढता येत नाही तोवर गृहीतकांची चर्चा पोकळ राहते. यात तथ्य आहे. आकृती न काढता केलेली टीका बहुधा घोषणा ठरते, आणि आंबेडकरांचा निबंध टिकला तो त्यांना विश्लेषण पक्के येत होते म्हणूनच. पण ‘नंतर’ म्हणजे केव्हा? पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते नंतर कधी उगवतच नाही. शिवाय वाद आणि हत्यार वेगळे शिकवावे लागतात, हेच मला पटत नाही. मिठाचे आकडे घेऊन लवचिकता काढायला लावली, तर गणितही होते आणि अटही कळते. सिद्धान्त आणि बाजार असे एकत्र आणणारे काम इथे झालेलेही आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० ची. धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली तिथे पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी झाली आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. फळ बागेतून गिऱ्हाइकापर्यंत पोचताना कोणाच्या हाती किती उरते, हा किंमत सिद्धान्ताचाच प्रश्न आहे, आणि तो बाजारात उभे राहून सोडवता येतो हे त्या पाहणीने दाखवले. मात्र अशी कामे संशोधन संस्थांकडे गेली आणि पदवीच्या वर्गाकडे आकृत्या उरल्या. ही वाटणी कोणा एकाने ठरवून केली नाही. परीक्षेला आकृती तपासणे सोपे जाते, आणि एवढ्या एका सोयीने बरेच काही घडते.

तेव्हा अभ्यासमंडळांना एक विनंती. पेपर वाढवू नका, नवे पुस्तकही लावू नका. लवचिकतेच्या धड्याला मिठावरच्या कराचा इतिहास जोडा आणि उत्पादन घटकांच्या धड्याला १९१८ चा तो निबंध जोडा. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाच्या पहिल्याच खंडात तो आहे.