दृष्टिहीन नवागतांसाठी संगणक-प्रशिक्षण आणि रोजगार : सदलगा परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

सदलगा, बोरगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्न होऊन, कामधंद्यासाठी किंवा नातेवाइकांच्या आधाराने कोल्हापूर-इचलकरंजीकडून माणसे येऊन स्थायिक होतात. त्यांत कुणी दृष्टिहीन असेल, तर अडचण दुहेरी होते. रस्ते नवे असतात आणि कार्यालयातली भाषाही नवी असते. मराठी माध्यमात दहावी-बारावी झालेली सून किंवा भाचा ‘कन्नड येत नाही, दिसतही नाही’ म्हणून घरातच राहतो. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली होती. अशा घरांना उपयोगी पडेल ती माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

पडदा वाचणारे सॉफ्टवेअर

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचते आणि माऊसऐवजी सगळी कामे कळफलकावरून होतात. ‘जॉज’ हे जुने व नावाजलेले सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. ‘एनव्हीडीए’ मात्र मोफत आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी ते घडवले. त्याचे काम २००६ मध्ये सुरू झाले. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांसाठी त्यात आवाज उपलब्ध आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’, तर आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ मुळातच असते. ते फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचे. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप आणले. दुकान किंवा पिठाची गिरणी सांभाळणाऱ्याला ते कामाचे आहे.

दोन भाषा, एकच बोटे

सीमाभागातल्या माणसाला सर्वांत मोठा दिलासा येथे मिळतो. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतील समान उच्चारांना समान ठिपके दिले आहेत. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ बोटांना सारखेच लागतात. इनस्क्रिप्ट कळफलकाचीही हीच रीत आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर दोन्ही भाषांत ‘क’ उमटतो, ‘एच’च्या कळीवर ‘प’. मराठीत नसलेल्या ऱ्हस्व ए-ओसारख्या थोड्या कळा तेवढ्या नव्याने शिकाव्या लागतात. म्हणजे मराठीत न पाहता टंकलेखन येणाऱ्याला कन्नड लिपी मुळापासून गिरवावी लागत नाही. शब्द आणि व्याकरण मात्र शिकावेच लागते. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नडची सक्तीची परीक्षा असते आणि बँकांच्या लिपिक भरतीतही स्थानिक भाषा पाहिली जाते.

शिकण्याचा क्रम

१. फोन : टॉकबॅकच्या खुणा, संदेश, बँकेचे व्यवहार.
२. टंकलेखन : ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरील उंचवट्यांवर बोटे ठेवून कळफलक पाठ करणे.
३. संगणक : फाइली सांभाळणे, वर्ड, एक्सेल, ई-मेल.
४. इंटरनेट : अर्ज भरणे, संकेतस्थळावर शीर्षकांवरून उड्या घेत वाचणे.
५. नोकरीची तयारी : मुलाखत, बोलके इंग्रजी, पांढरी काठी घेऊन एकट्याने प्रवास.

पाचव्या टप्प्यातला प्रवास अनेक घरे टाळतात. पण संगणक उत्तम येऊनही बसस्टँडपर्यंत एकटे जाता येत नसेल, तर हातातली नोकरी टिकत नाही.

कुठे विचारावे

बेळगावात माहेश्वरी अंधशाळा आहे. बेंगळुरूची ‘समर्थनम्’ ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक महांतेश किवडसण्णवर स्वतः दृष्टिहीन असून मूळचे बेळगावकडचे आहेत. १९९९ पासून बेंगळुरूतच ‘इनेबल इंडिया’ प्रशिक्षण देऊन नोकरीशी सांगड घालते. मराठीतून सुरुवात करायची असेल, तर मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेली ‘नॅब’ आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांचे संसाधन केंद्र यांच्याकडे चौकशी करावी. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ घरबसल्या वापरता येते.

कागदपत्रे आणि हक्क

यूडीआयडी कार्ड देशभर चालते. महाराष्ट्रात काढलेले असले तरी ते रद्द समजू नये; पत्ता मात्र बदलून घ्यावा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. लेखी परीक्षेत लेखनिकाची सोय आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मागता येतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आणि केवायसीची प्रक्रिया दिव्यांगांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले. बँकेत अडवणूक झाली, तर या निकालाचा उल्लेख लेखी अर्जात करावा.

आपण काय करू शकतो

कार्यक्रमाची पत्रिका आपण व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवतो. दृष्टिहीन सभासदाला त्यातला मजकूर सहजी ऐकता येत नाही. सोबत तोच मजकूर टाइप करून पाठवावा. जुन्या फाँटमधला मराठी-कन्नड मजकूर स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरे म्हणून वाचतो, म्हणून युनिकोडच वापरावे. घरात वापराविना पडलेला लॅपटॉप कुणाला शिकायला देता येईल. कन्नड चांगले येणाऱ्या मुलांनी आठवड्यातून तासभर नव्याने आलेल्या व्यक्तीशी कन्नडमध्ये गप्पा माराव्यात. आणि घरच्यांना एकच विनंती : तिचा अर्ज तिलाच भरू द्या. वेळ जास्त लागेल, दोनदा चुकेल. पण पुढचा अर्ज भरण्यासाठी तिला कुणाची वाट पाहावी लागणार नाही.