चालत्या नोकरीतील विद्येचा जमाखर्च

इ. स. १९१३ मध्ये मुंबईस सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा व्यापारविद्या ही विद्यापीठाने पदवी देऊन गौरवावी अशा योग्यतेची आहे ही गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली. परंतु मांडवीच्या किंवा मूळजी जेठा मार्केटच्या पेढ्यांवर ज्यांची सारी हयात जमा-नावे करण्यात गेली होती त्या मुनिमांना नि गुमास्त्यांना या मान्यतेचे विशेष अगत्य वाटण्याचे कारण नव्हते, कारण शेठजींच्या गादीशेजारी बसून ती विद्या त्यांनी फुकट, किंबहुना मुशाहिरा घेऊन, संपादन केली होती. पदवीची निकड खरी भासली ती फोर्टातील बँकांच्या, विमा कंपन्यांच्या आणि रेल्वेच्या कचेऱ्यांतून मॅट्रिकच्या दाखल्यावर चिकटलेल्या पांढरपेशा कारकुनाला. पंचविशी-तिशी उलटल्यावर त्याच्या ध्यानात येई की बढतीचा जिना अमुक एका पायरीपाशी संपतो, आणि पुढची पायरी चढावयाची तर हाती कसलासा सरकारी कागद असावा लागतो.

त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसास सरकारी प्रमाणपत्राची अट घातली होती, आणि १९१८ पासून मुंबई सरकारची हिशेबविद्येची पदविका सुरू झाली. पदविकेची परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची आणि मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावयाची, म्हणजे पूर्ण अधिकाराचा परवाना मिळे. परीक्षेची फी कशीबशी उभी करता येई. पण बायकामुले पदरी असलेल्या इसमाने तीन वर्षे उमेदवारीवर काढावयाची म्हणजे घरभाडे कोणी द्यावयाचे, हा सवाल नियमावलीत कोठेच विचारलेला नव्हता.

चालत्या नोकरीतून उठून पदवीच्या मागे जाणे म्हणजे काय, याचे एक ठळक उदाहरण याच सिडनहॅम महाविद्यालयाच्या इतिहासात सापडते, आणि ते विद्यार्थ्याचे नसून प्राध्यापकाचे आहे. भीमराव आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांना दरमहा ४५० रुपये वेतन होते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम ऐश्वर्याची होती. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडन येथील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले होते, आणि तो पुरा करण्यासाठी चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा मिळालेली असल्याने ही मुदत वेतनाच्या प्रत्येक महिन्याबरोबर आटत चालली होती. त्यांनी चाळ सोडली नाही, राहणी वाढविली नाही; वेतनातून शिल्लक टाकली आणि १९२० च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. शिलकीत भर पडली ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जाची.

हे कर्ज म्हणजे त्यांचे सुमारे अकरा महिन्यांचे संपूर्ण वेतन होय. शिवाय त्या वेतनाला ते स्वतःच मुकत होते, आणि १९२३ पर्यंत पुन्हा कोणतीही नियमित मिळकत होणार नव्हती. म्हणजे खर्चाच्या बाजूस कर्ज एकपट मांडले, तर बुडालेले वेतन तीनपट मांडावे लागते. तिसरी रक्कम तर कोणत्याच वहीत येत नाही. रमाबाईंनी मुंबईत ज्या ओढगस्तीत तो संसार चालविला तिचे मोल रुपयांत कसे काढावयाचे? चरित्रकार या काळातील लंडनच्या ग्रंथालयांविषयी आणि अर्धपोटी काढलेल्या रात्रींविषयी आदराने लिहितात, व ते योग्यच आहे. परंतु खर्चाचा मोठा वाटा परळला भरला जात होता, असे मला वाटते.

जमेच्या बाजूस मास्टर आणि डॉक्टर अशा दोन पदव्या व बॅरिस्टरीची सनद आली, तरी परतल्यावर वकिलीचा जम लगेच बसला नाही. त्यामुळे १९२५ च्या जूनपासून १९२८ च्या मार्चपर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबविद्येच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्याची जी व्यवस्था केली तिच्यामागे त्या जुन्या जमाखर्चाची जाण असावी, असा तर्क करण्यास हरकत नाही. सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय १९५३ मध्ये निघाले. चाकरमान्याचे वेतन शाबूत राहिले. मोबदल्यात त्याची पहाटेची झोप गेली, आणि त्याच्याही आधी उठून स्टोव्ह पेटविणाऱ्या गृहिणीची गेली.

व्यवस्थापनशास्त्राचे युग आल्यावर रीत फारशी बदलली नाही. स्टॅनफर्डच्या सहकार्याने १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था निघाली. चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने कचेरी सुटल्यावर तेथे जाऊन बसणे शक्य होते. पूर्णवेळ शिकणाऱ्यास दोन वर्षांत मिळणाऱ्या पदवीला अर्धवेळ शिकणाऱ्याला तीन वर्षे लागत. एका जादा वर्षाच्या बदल्यात दोन वर्षांचे वेतन वाचते, हा सौदा कागदावर तरी किफायतीचा दिसतो.

राहता राहिला मालक. नोकराच्या शिक्षणाचा भार धन्याने उचलावा ही कल्पना अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बळावली. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये कामावरील अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचा पदवी-अभ्यासक्रम काढला, तर हार्वर्डने १९४५ मध्ये वरिष्ठांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आपल्याकडे त्या दुसऱ्या वळणाची संस्था म्हणजे १९५६ साली हैदराबादेस स्थापन झालेले ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज. तेथे सरकार आणि कंपन्या आपापली माणसे आपल्या खर्चाने, पगार चालू ठेवून धाडीत. हार्वर्डच्या त्या वर्गाप्रमाणेच येथेही शेवटी पदवी मिळत नसे, आणि मालकाच्या बाजूने पाहता त्यात वावगे काही नव्हते: ज्या कागदाच्या बळावर उद्या आपलाच माणूस शेजारच्या कंपनीत दीडपट पगारावर जाईल, तो कागद आपल्या तिजोरीतून विकत घेऊन देण्याइतका उदार धनी विरळा; आणि जे तो घेऊन देतात, ते आधी दोन-तीन वर्षे नोकरी न सोडण्याचे करारपत्र लिहून घेतात.