चावडीपासून गावापर्यंत : मराठी विकिपीडियाची वाटचाल

बोईसर स्थानकावर डहाणू लोकलची वाट पाहत उभे असताना मोबाइलवर पालघर किंवा डहाणू तालुक्यातल्या एखाद्या लहान गावाचे नाव मराठीत टाकून पाहा. अनेकदा मराठी विकिपीडियाचे पान उघडते. गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात हे पहिल्या ओळीत. खाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे. २०११ च्या जनगणनेतले आकडे. पाऊस भरपूर पडतो, दिवाबत्ती ग्रामपंचायत बघते, एसटी येते, रिक्षाही मिळतात. मग शेजारच्या गावाचे पान उघडा. तेच मथळे, बरीचशी तीच वाक्ये. गावाचे नाव आणि आकडे तेवढे निराळे.

गावात राहणारा माणूस हे वाचून हसतो. पण त्या पानाच्या माथ्यावर ‘संपादन’ आणि ‘इतिहास पहा’ अशी दोन बटणे आहेत, आणि ती त्याच्यासाठीच आहेत, हे सहसा त्याच्या लक्षात येत नाही. मराठी विकिपीडियाच्या वीसपेक्षा अधिक वर्षांच्या वाटचालीत काय जमले आणि काय राहून गेले, हे दोन्ही या एका पानावर दिसते.

मराठीला कोशांची सवय जुनी. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईत मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. दोन्हीकडे पद्धत एकच होती. जाणकाराने लिहायचे, संपादकाने तपासायचे, वाचकाने वाचायचे. विकीने हा क्रम उलटवला. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये कोणालाही जागच्या जागी बदलता येईल असे संकेतस्थळ बनवले आणि ‘लवकर’ या अर्थाच्या हवाई भाषेतल्या शब्दावरून त्याला विकी हे नाव दिले. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडिया सुरू झाला तो १ मे २००३ रोजी, नेमका महाराष्ट्र दिनी. त्याच्या अगदी सुरुवातीच्या लेखांत वसंत पंचमी आणि बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता हे विषय होते.

तेव्हा मोठी अडचण विषयांची नव्हती, टंकलेखनाची होती. कचेऱ्यांत आणि छापखान्यांत मराठी चालत असे ती ठरावीक फाँटमध्ये. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की नुसत्या खुणा दिसत. सगळीकडे सारखी दिसणारी युनिकोड पद्धत रुळायला वेळ लागला. लोक बरहा किंवा गमभन ही टंकनसाधने वापरून मजकूर टंकत आणि तो विकीवर आणून चिकटवत. ज्याच्या घरी संगणक नाही त्याला सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हा उद्योग करावा लागे. पुढे विकिपीडियाच्या चौकटीतच मराठी टंकनाची सोय आली. रोमन अक्षरांत टंकले की देवनागरी उमटते, आणि इनस्क्रिप्ट कळफलक येणाऱ्याला तोही पर्याय आहे. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकण्याची सोय दिली. हाताशी कळफलक नाही ही सबब तेव्हाच संपली.

मराठी विकिपीडियाला कार्यालय नाही, पगारी संपादक नाहीत, जाहिराती नाहीत. यंत्रणेचा खर्च अमेरिकेतले विकिमीडिया फाउंडेशन देणग्यांतून चालवते. मजकूर मात्र सगळा स्वयंसेवकांचा. त्यांनी आपला कारभार ज्या शब्दांत मांडला, ते शब्द या वाटचालीतली मोठी कमाई आहेत. सगळ्यांनी बसून बोलायची जागा म्हणजे ‘चावडी’. चुकत-माकत सराव करायची जागा म्हणजे ‘धूळपाटी’. पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवणाऱ्या जुन्या शाळेतून आलेला हा शब्द. एखाद्या प्रश्नावर मत घ्यायचे तर ‘कौल’ लावतात. तीच ती कामे न कंटाळता करणारा स्वयंचलित प्रोग्रॅम म्हणजे ‘सांगकाम्या’. पानाची नासधूस म्हणजे ‘उत्पात’, आणि तो आवरणारा, गरज पडल्यास पान कुलूपबंद करणारा सदस्य म्हणजे ‘प्रचालक’. गावकीचे शब्द वापरून एवढे नवे यंत्र माणसाळवण्याचे काम मराठीत फार कमी ठिकाणी झाले असेल.

काम कसे चालते ते एका लहान उदाहरणावरून कळेल. कोणी बोईसर लिहितो, कोणी बोयसर. दोघेही तिथलेच. विकीवर यावर भांडत बसायचे कारण नाही. एका नावाने लेख ठेवायचा आणि दुसरे नाव टाकणाऱ्याला त्याच पानावर आणून सोडायचे. याला ‘पुनर्निर्देशन’ म्हणतात. कोणते नाव वर ठेवायचे यावर मतभेद झाला तर लेखाच्या चर्चा पानावर आपले म्हणणे लिहायचे आणि शेवटी चार वेळा ~ हे चिन्ह टंकायचे; नाव, तारीख आणि वेळ आपोआप उमटते. सही नसेल तर कोण बोलले ते चटकन कळत नाही.

दुसरे उदाहरण जिल्ह्याचेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे ८ तालुके त्यात आले. छापील कोशात अशी दुरुस्ती व्हायची तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. विकीवर ती कोणालाही त्याच दिवशी करता येते. तरी एक सांधा उघडाच राहिला. गावांचे आकडे २०११ चे, म्हणजे जनगणनेच्या पुस्तिकेत ती सगळी गावे ठाणे जिल्ह्यात. पानाच्या वर पालघर आणि संदर्भात ठाणे, हे पाहून नवखा वाचक गोंधळतो. तारखांचा मेळ घातला की कळते, दोन्ही बरोबर आहेत.

सरकारी आकड्यांवरून एकसारखी पाने उभी करणे घरात बसूनही जमते. पण तिथून पुढचे काम गावातल्या माणसाशिवाय होत नाही. तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज देते आहे. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांचे पुनर्वसन झाले. जुने गाव कुठे होते, नवे कुठे वसले, शाळा आणि देऊळ कुठे गेले, हे ठरावीक मथळ्यांत मावत नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे वारली चित्रे जगभर घेऊन गेले आणि २०११ मध्ये पद्मश्री झाले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही माहिती छापील आहे, शोधली की मिळते. पण गावातल्या लग्नात चौक कोण लिहिते, तारपा हे वाद्य कोणत्या दिवसांत वाजते, हे तिथल्याच माणसाने सांगायला हवे. वाडवळी, मांगेली, सामवेदी बोलणाऱ्या घरांत गावांची आणि पाड्यांची जी नावे चालतात तीही सरकारी यादीत सापडणार नाहीत.

गावातला हा माणूस इंटरनेटवर नाही असे मुळीच नाही. लोकल उशिरा असल्याची बातमी प्रवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर आधी येते आणि फलाटावर नंतर. कुठे पाणी भरले, कुठे रस्ता खचला, एमआयडीसीच्या कोणत्या नाक्यावर ट्रक अडकला, सगळे मिनिटांत कळते. पण ते दुसऱ्या दिवशी शेकडो संदेशांखाली गाडले जाते आणि गटाबाहेरच्याला कधीच मिळत नाही. विकीवर लिहिलेली ओळ राहते. कोणी ती बदलली तरी जुनी ओळ इतिहासात सापडते.

मग तो तिथे का लिहीत नाही? पहिले कारण भीती. ‘आपल्या हातून बिघडले तर?’ विकीवर बिघडलेले एका टिचकीत मागे नेता येते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दुसरे कारण खरे अवघड आहे. ‘आजोबा सांगायचे’ हा विकीवर पुरावा ठरत नाही. अशा वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण येते, आणि उमेदीने लिहिणारा तिथेच नाउमेद होतो. या नियमामुळे कोश विश्वासार्ह राहतो हे मान्य. पण ज्यांचा इतिहास छापलाच गेला नाही अशा पाड्यांवर तो जड पडतो, हेही मान्य करायला हवे.

यावर तोडगा आपल्याच कपाटांत आहे. शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, स्थानिक साप्ताहिकांची जुनी कात्रणे, १८८२ चे ठाणे गॅझेटियर, हे सगळे छापील आणि दाखवता येण्याजोगे आहे. पालघरच्या १९४२ च्या हुतात्म्यांवर, शिरगाव आणि तारापूरच्या किल्ल्यांवर त्यातून कितीतरी भरता येईल. महाविद्यालयांतून विकी कार्यशाळा होतात. त्यांत मुलांकडून नवा लेख लिहवून घेण्यापेक्षा त्यांच्या गावाचे आधीच असलेले पान त्यांच्यापुढे ठेवले, तर काम लवकर मुरेल असे मला वाटते.

मराठी विकिपीडियावर आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. संख्येची काळजी आता फारशी नाही. काळजी आहे ती सारख्या दिसणाऱ्या पानांची. म्हणून पालघर-बोईसरच्या वाचकांना विनंती एवढीच. आपल्या गावाचे पान शोधा. खाते उघडा; ईमेल दिला नाही तरी चालते. धूळपाटीवर चार ओळी गिरवून पाहा. मग पानावरचे एक चुकीचे वाक्य दुरुस्त करा, किल्ल्याचा किंवा बंदराचा स्वतः काढलेला एक फोटो चढवा, स्मरणिकेतली एक नोंद तिच्या पान क्रमांकासह घाला. अडले तर चावडीवर विचारा, आणि शेवटी सही करायला विसरू नका.