मॅट्रिकनंतरची पायरी : महाविद्यालय-प्रवेश आणि आपला समाज

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संस्थेच्या कार्याचा आढावा इतर मान्यवर घेतीलच. प्रस्तुत लेखात एका लहानशा, परंतु आपल्या समाजाच्या जडणघडणीत निर्णायक ठरलेल्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचा विचार आहे. शाळा संपल्यावर महाविद्यालयात नाव घालणे ही आज घरोघरची गोष्ट झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. ही पायरी आपले पूर्वज कसे चढले, कोणी त्यांना हात दिला आणि कोण खालीच राहिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी होत. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मॅट्रिक ही शाळेची शेवटची परीक्षा असली, तरी मुळात ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. जो ती उत्तीर्ण झाला, त्याच्यासाठी महाविद्यालयाचे दार उघडे असे. त्याला निराळी गुणवत्ता-यादी नव्हती. अडचण होती ती दारापर्यंत पोहोचण्याची. एल्फिन्स्टन, विल्सन व सेंट झेव्हियर्स मुंबईत, डेक्कन आणि पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन पुण्यात. दक्षिण महाराष्ट्रात कोल्हापूरला १८८० साली महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले व त्यांतून राजाराम कॉलेज उभे राहिले. सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघण्यास १९१९ साल उजाडावे लागले. कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठी शेती करणाऱ्या आपल्या समाजातील मुलाला कॉलेज म्हणजे परगाव, आणि परगाव म्हणजे राहण्या-जेवण्याचा प्रश्न, असे समीकरणच होते.

हा प्रश्न जैन कुटुंबाला अधिकच जाचक वाटे. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी, नित्य देवदर्शन हे घरात सहज घडणारे आचार खानावळीत पाळायचे कसे? अनेक घरांतून मुलाला पुढे शिकवण्यास विरोध झाला, तो विद्येच्या तिटकाऱ्यापोटी नव्हे. मुलगा उपाशी राहील किंवा धर्म सोडील, या दुहेरी भीतीपोटी तो होता.

या भीतीवरचा उपाय म्हणजे ‘बोर्डिंग’. १८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तेव्हा शिक्षणप्रसार हे तिचे प्रमुख उद्दिष्ट ठरले. श्री. अण्णासाहेब लठ्ठे हे सभेच्या संस्थापकांपैकी एक होत. कुरुंदवाडचा हा मुलगा एम. ए. झाला, कोल्हापूरचा दिवाण झाला आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाला. अशी माणसे एकेकटी घडू नयेत, त्यांची परंपरा व्हावी, या हेतूने सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी अशी बोर्डिंगे चालविली. याच काळात राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि आर्थिक साहाय्य दिले, त्यामुळेच कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणतात. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. परंतु त्या जागांवर बसण्यासाठी शिकलेली मुले हवीत आणि मुले शिकण्यासाठी त्यांना शहरात छप्पर हवे, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी आपल्या पित्याच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ साली श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. नाव विद्यालय असले तरी ते प्रामुख्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे निवासस्थान होते. गरजू विद्यार्थ्याला तेथे कर्जरूपाने साहाय्य मिळे आणि तो मिळवता झाल्यावर ते फेडी. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखणारी आणि पुढच्या मुलाची सोय करणारी ही पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे.

प्रवेशाशी निगडित आणखी एका विषयाचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या आगमांची भाषा अर्धमागधी ही मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात स्थान मिळवून होती. सदलगे गावच्या आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी याच विषयाची कास धरली आणि १९३० पासून तीन दशके राजाराम कॉलेजात तिचे अध्यापन केले. ‘प्रवचनसारा’ची त्यांची संपादित आवृत्ती १९३५ साली प्रसिद्ध झाली व जगभरच्या विद्वानांनी वाखाणली. प्रवेश-अर्जावर ‘द्वितीय भाषा’ या रकान्यात काय लिहावे, या साध्या निवडीतून केवढी ज्ञानपरंपरा उभी राहू शकते, याचे हे उदाहरण होय.

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून चालत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजचे, आपल्याच समाजातले. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. अहिंसेचा आणि समतेचा उपदेश ज्या वास्तूत नित्य होत होता, त्याच वास्तूत हे घडले, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दार उघडणारी संस्था दार लावूही शकते, हा त्यातला धडा आहे.

भाऊरावांनी मात्र या प्रसंगाचे सोने केले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेमुळे फी भरण्यास पैसा नसलेला मुलगा श्रमाच्या बळावर तेथे प्रवेश घेऊ शकला. स्वतः कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाने हजारोंना ती चढविली. त्याच १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला सोलापूरचे थोर उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले, आणि त्यांचेही महाविद्यालयीन शिक्षण पदवीपूर्वीच सुटले होते.

येथे थोडे वैयक्तिक लिहितो, वाचकांनी क्षमा करावी. मी १९६६ साली अकरावीची एस. एस. सी. परीक्षा उत्तीर्ण झालो. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्येच स्थापन झाले होते, आणि कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना ई. बी. सी. ची फी-सवलतही मिळू लागली होती. जूनमध्ये वडिलांबरोबर एस. टी. ने शहरात गेलो. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, वर्तणुकीचा दाखला आणि तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला होता. कारकुनाने कागद तपासले, प्री-डिग्रीचा अर्ज पुढे केला आणि विचारले, “राहणार कुठं?” वडिलांनी समाजाच्या बोर्डिंगचे नाव सांगितले. ‘मग काळजी नाही,’ असे म्हणून त्याने शिक्का मारला. एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला लाडवांचा डबा एवढ्या शिदोरीवर माझे आयुष्य मार्गी लागले.

माझी धाकटी बहीण तीन वर्षांनी त्याच परीक्षेला बसली. तिला माझ्यापेक्षा अधिक गुण मिळाले. तिचेही दाखले वडिलांनी काढून आणले, कारण तिला शिकवावे असे त्यांच्या मनात होते. परंतु “राहणार कुठं?” या प्रश्नाला या वेळी उत्तर नव्हते. बोर्डिंग मुलांचे होते. मुलींसाठी निवासाची सोय आमच्या ऐपतीत कोठेही मिळेना. दोन महिने ते कागद देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात राहिले आणि दिवाळीनंतर तिचे लग्न ठरले. तिने कधी तक्रार केली नाही. तिच्या त्या मौनाचे ओझे मी मात्र आजही वाहतो आहे.

मुलींसाठी कोणी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला, तर सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेद्वारा स्त्रीशिक्षणाला वाहून घेतले. महर्षी कर्वे यांचे महिला विद्यापीठ तर १९१६ पासून मातृभाषेतून शिक्षण देत होते. परंतु मुलांच्या बोर्डिंगांसाठी समाजाने जितक्या उदारपणे थैली सोडली, तितकी मुलींच्या निवासासाठी सोडली नाही, हे सत्य आहे.

आपल्या ट्रस्टची स्थापना झाली, तो काळ शिक्षणातल्या मोठ्या बदलाचा होता. सत्तरच्या दशकात राज्यात दहावी, बारावी आणि त्यानंतर पदवीची तीन वर्षे असा नवा आकृतिबंध आला. प्री-डिग्री व इंटर जाऊन कनिष्ठ महाविद्यालये आली. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी अकरावीचे वर्ग निघाले आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना घरून जाऊन-येऊन शिकणे शक्य झाले. मुलींच्या शिक्षणाचा खरा ओघ येथून वाढला, असे माझे निरीक्षण आहे. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला.

त्याच वर्षी माझ्या त्या बहिणीची नात अकरावीचा अर्ज भरत होती. संगणकावर महाविद्यालयांचे दहा पसंतीक्रम नोंदवायचे होते. बहीण चष्मा सावरून शेजारी बसली होती. पहिल्या पसंतीला नातीने शहरातले नामांकित विज्ञान महाविद्यालय लिहिले, तेव्हा बहिणीने एवढेच विचारले, “राहणार कुठं गं?” छपन्न वर्षांनी तोच प्रश्न! या वेळी मात्र उत्तर होते. शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि ती मुलगी आज तेथे शिकत आहे.

सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा क्षण, तसाच पुढचा संकल्प करण्याचाही. इमारती, सत्कार आणि मिरवणुका यांचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु दरवर्षी जूनमध्ये आपल्या गावातल्या कोणत्या मुलीचे, कोणत्या शेतमजुराच्या वा छोट्या दुकानदाराच्या मुलाचे दाखले फडताळात पडून आहेत, याची चौकशी ट्रस्टने घरोघर जाऊन करावी. त्यांच्यासाठी निवासनिधी उभारावा, त्यात कर्जरूप साहाय्याची जुनी रीत पुन्हा आणावी, आणि कर्मवीरांचे स्मरण ठेवून तो निधी आपल्या समाजापुरता मर्यादित ठेवू नये. चतुर्विध दानात शास्त्रदानाचे, म्हणजेच ज्ञानदानाचे स्थान आपण जाणतोच. शिकू पाहणाऱ्याला निवारा देणे हा त्याच दानाचा एक भाग आहे.

संस्थेच्या भावी वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. जय जिनेंद्र!